वीस सेकंदांमागच्या सहाजणी



आपल्या प्रभाग संघाच्या मागच्या बैठकीत ठरलेलं काम तुम्हाला माहीतच आहे. बचत गटाचा हिशेब मोबाइलवर कसा ठेवायचा, हे आपल्याच मुली आणि बायका तालुक्याच्या गावी सगळ्यांसमोर करून दाखवणार आहेत. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या चार मुली आणि गटाच्या वह्या लिहिणाऱ्या पाच बायका, अशी नऊजणींची टीम झाली. पहिल्याच दिवशी एका काकूंनी विचारलं, "दाखवायचं दहा मिनिटं, त्याला महिनाभर तयारी कशाला गं?"

काकूंचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देता देता आम्हाला एक जुनी हकीकत आठवली. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीची, दूर अमेरिकेतली. तिथेही बायकांची एक टीम होती, एक नवं यंत्र होतं आणि ते लोकांसमोर करून दाखवायचं होतं. आजच्या भागात ती हकीकत सांगतो. ती ऐकून आम्ही आमच्या कामात एक बदल केला, तोही शेवटी सांगू.

दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेच्या सैन्याला तोफांचे तक्ते हवे होते. तोफेचं तोंड किती वर करायचं, म्हणजे गोळा किती लांब जाऊन पडेल, याचा तक्ता. ज्यांनी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं राखली आहेत, त्यांना हे लगेच समजेल. दगड सुटला की वर चढतो, मग वाकतो आणि खाली येतो. वारा असेल तर त्याची वाट बदलते. आपण हे हाताच्या अंदाजाने करतो. तोफेच्या गोळ्याची वाट मात्र गणिताने काढावी लागायची, क्षणाक्षणाला गोळा कुठे असेल ते मांडून. अशी एक वाट काढायला, हाताशी आकडेमोडीचं यंत्र असूनही, एका माणसाला तीस-चाळीस तास लागायचे. आणि एका तक्त्यात अशा शेकडो वाटा.

पुरुष लढाईवर गेलेले. म्हणून फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूल या इंजिनिअरिंग कॉलेजात, गणित शिकलेल्या तरुण मुलींना या कामावर घेतलं. त्यांच्या हुद्द्याचं नाव ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्यांना 'कम्प्युटर' म्हणत. कम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारी बाई. यंत्राला ते नाव मागाहून मिळालं, आधी ते या मुलींचं होतं. आणि कागदोपत्री त्यांचा दर्जा होता 'दुय्यम', म्हणजे पूर्ण शिकलेल्या व्यावसायिकापेक्षा एक पायरी खालचा.

त्याच कॉलेजात जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे दोघे सैन्याच्या पैशातून एक यंत्र उभारत होते. त्याचं नाव एनिॲक. विजेवर चालणारं, भराभर आकडेमोड करणारं. ते एका टेबलावर मावणारं नव्हतं. मोठ्या खोलीच्या भिंतींलगत माणसापेक्षा उंच अशी चाळीस कपाटं उभी केलेली. वजन सुमारे ३० टन. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, तेही अठरा हजारांच्या आसपास. असं हे धूड एका सेकंदाला पाच हजार बेरजा करायचं.

यंत्र उभं राहत होतं, पण त्याच्याकडून हिशेब करून कोण घेणार? १९४५ च्या उन्हाळ्यात त्या मुलींमधून सहाजणी निवडल्या. त्यांची नावं आम्ही सावकाश सांगतो, कारण आजची सगळी गोष्ट या नावांची आहे. केथलीन मॅकनल्टी, जिला के म्हणत. बेटी जीन जेनिंग्ज. बेटी स्नायडर. मार्लिन वेस्कॉफ. फ्रान्सिस बायलस. आणि रूथ लिश्टरमन. सगळ्यात लहान होती ती विशीतली, सगळ्यात मोठी अठ्ठाविशीच्या आसपासची.

या काही बड्या घरच्या नव्हत्या. के आयर्लंडमध्ये जन्मली. घरात आयरिश भाषा. तीन वर्षांची असताना घरचे अमेरिकेत आले, तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बेटी जीन मिसुरी राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. आपल्या भागातल्या शिक्षकी कॉलेजात गणित शिकली आणि शाळामास्तरीण होण्याऐवजी इतक्या दूर नोकरीला आली. निवडीच्या वेळी तिला विचारलं, विजेबद्दल काय माहिती आहे? तिने शिकलेलं सूत्र सांगितलं. तेव्हा साहेब म्हणाले की सूत्र नकोय, विजेची भीती वाटते का ते सांग. ती नाही म्हणाली आणि तिची निवड झाली. बेटी स्नायडरची गोष्ट आपल्या ओळखीची वाटेल. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी तिला विचारलं होतं, की घरी बसून मुलं सांभाळलीस तर बरं नाही का? तिने गणित सोडलं आणि पत्रकारितेचा अभ्यास घेतला. युद्धाने तिला पुन्हा आकड्यांकडे आणलं.

सहाजणींना आधी ॲबर्डीन इथल्या लष्करी तळावर पाठवलं, भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारी यंत्रं शिकायला. परत आल्यावर त्यांच्यापुढे एनिॲकचे नकाशे टाकले. कुठली तार कुठे जाते, कुठला भाग काय करतो, याचे मोठमोठे कागद. सांगितलं, यावरून यंत्र समजून घ्या. शिकवायला वर्ग नाही, वाचायला पुस्तक नाही. आणि यंत्र बघायचीही परवानगी नाही, कारण ते लष्कराचं गुपित. यंत्र शेजारी, आणि या कागदावर बोट ठेवून ते शिकतायत.

आपल्यापैकी किती बायका कॅशबुक अशाच शिकल्या, आठवा बरं. कुणी शिकवलं नाही. जुनी वही पुढे ठेवली आणि जमा कुठे, नावे कुठे, हे आपणच ताडलं.

त्यांनी कामं वाटून घेतली. जोड्या केल्या. ज्या जोडीला यंत्राचा जो भाग आला, तो तिने आधी समजून घ्यायचा आणि मग बाकीच्यांना समजावून द्यायचा. अडलं तर यंत्र बांधणाऱ्यांना विचारायचं. मॉकली त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. असं करत करत, यंत्र आतून कसं चालतं हे या सहाजणींना इतकं कळलं, की पुढे कुठला व्हॉल्व्ह गेला हेही त्या शोधून सांगू लागल्या.

आता यंत्राला काम कसं सांगायचं ते बघू. आज मोबाइलवर बोट लावलं की झालं. एनिॲकला पडदा नव्हता, अक्षरांची बटणं नव्हती. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाड वायरी जोडायच्या आणि हजारो स्विच योग्य घरात लावायचे. आपण रात्री उसाला दारं धरतो ना, तसंच हे. पाटाचं पाणी या वाफ्यात सोडायचं, तो भरला की दारं मोडून पुढच्या वाफ्यात न्यायचं. त्यांच्या पाटात पाण्याऐवजी आकडे होते. कुठला आकडा कधी कुठे जाईल, कुठे थांबेल आणि परत किती वेळा फिरेल, हे त्यांना आधी कागदावर मांडावं लागायचं. मग त्या कपाटांच्या मधून चालत, वायरी ओढत, ते प्रत्यक्ष यंत्रात उतरवायचं. याच मांडणीला आज आपण प्रोग्रॅम म्हणतो, सॉफ्टवेअर म्हणतो. त्या वेळी या कामाला धड नावही नव्हतं.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपलं. यंत्र अजून पूर्ण व्हायचं होतं. ज्या तोफांसाठी ते उभं केलं, त्या थंडावल्या होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये त्यावर पहिला मोठा हिशेब चालवला, तो हायड्रोजन बॉम्बच्या कामाचा होता. हिशेब कशाचा, हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. हेही सांगायला हवं. यंत्र नवं होतं, हुशारी खरी होती, पण पैसा आणि हेतू लढाईचाच होता.

मग सैन्याने आणि विद्यापीठाने ठरवलं, की यंत्र आता जगाला दाखवायचं. १ फेब्रुवारी १९४६ ला ते पत्रकारांना दाखवलं. १५ फेब्रुवारीला मोठा समारंभ ठरला, शास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी आणि मान्यवरांसमोर. त्या दिवशी काय दाखवायचं? तोफेच्या गोळ्याची वाट. ज्यासाठी यंत्र बांधलं तेच. समारंभाला जेमतेम दोन आठवडे असताना, प्रकल्पावरचे लष्करी अधिकारी हर्मन गोल्डस्टाइन आणि त्यांच्या पत्नी ॲडेल यांनी बेटी स्नायडर आणि बेटी जीनला चहाला घरी बोलावलं आणि विचारलं, हे काम समारंभापर्यंत यंत्रावर बसवाल का? दोघी हो म्हणाल्या.

त्या दोन आठवड्यांकडे आम्हाला तुमचं लक्ष वेधायचं आहे. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

दोघी बेटी यंत्रावर प्रोग्रॅम बसवत होत्या. त्याच वेळी मार्लिन आणि रूथ काय करत होत्या? त्या कागद-पेन्सिल घेऊन तीच वाट हाताने काढत होत्या. यंत्र ज्या पायऱ्यांनी जाणार, बरोबर त्याच पायऱ्यांनी, एकेक आकडा मांडत. कारण यंत्राने काढलेलं उत्तर बरोबर की चूक, हे यंत्रालाच विचारून कसं कळणार? हाताने काढलेलं उत्तर शेजारी हवं. यंत्र मध्येच थांबवायचं, आलेला आकडा मार्लिन-रूथच्या कागदाशी ताडून बघायचा, जुळला तर पुढे. जिथे थांबायचं, तिथली वायर काढून ठेवायची. आपण महिनाअखेर रोख पेटीतले पैसे मोजून वहीशी जुळवतो, तसाच हा ताळा.

होता होता १४ फेब्रुवारीची रात्र आली. उद्या समारंभ. प्रोग्रॅम चालत होता, सगळे आकडे जुळत होते. फक्त एक घोटाळा. गोळा जमिनीवर पडला की हिशेब थांबायला हवा. तो थांबेना. गोळा जमिनीला लागला तरी यंत्र आपलं पुढे मोजतच राही. म्हणजे हिशेबाने गोळा जमीन फोडून खाली खाली चालला होता! वाफा भरला, पण शेवटचं दारं लागलंच नाही.

दोघींनी रात्री उशिरापर्यंत शोधलं. सापडेना. शेवटची गाडी पकडून बेटी स्नायडर घरी गेली. डोक्यात तोच विचार. सकाळी लवकर ती सरळ यंत्रापाशी आली आणि एक स्विच फिरवला. हजारो स्विचमधला एक, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा फिरणारा, फक्त एका घराने चुकलेला. गोळा जमिनीवर पडला आणि यंत्र थांबलं. बेटी जीन आयुष्यभर कौतुकाने सांगायची, की बाकीच्यांना जागेपणी जमत नाही इतका विचार ही झोपेत करते.

बायांनो, ही चूक समारंभाच्या आधीच लक्षात आली, कारण आदल्या रात्रीपर्यंत त्या पुन्हा पुन्हा चालवून बघत होत्या. "आकडे जुळले, झालं आपलं" म्हणून त्या घरी गेल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर उघडी पडली असती.

समारंभ दणक्यात झाला. आकडे दाखवणाऱ्या दिव्यांवर पिंगपाँगच्या चेंडूंच्या अर्ध्या वाट्या बसवल्या होत्या, म्हणजे लांबून उजेड दिसावा. खोलीतले दिवे मंद केले. आधी यंत्राने हजारो बेरजा क्षणात करून दाखवल्या. मग गोळ्याची वाट. खरा गोळा तोफेतून सुटून पडायला तीस सेकंद लागतात. यंत्राने त्याची सगळी वाट वीस सेकंदांत काढली. गोळा पडायच्या आत हिशेब तयार! जे तीस-चाळीस तासांचं काम होतं, ते वीस सेकंदांत. छापून निघालेले आकड्यांचे कागद पाहुण्यांना आठवण म्हणून वाटले. लोक थक्क झाले.

रात्री मोठी मेजवानी होती. यंत्र बांधणारे, अधिकारी, पाहुणे जेवायला बसले. सहाजणींना बोलावणं नव्हतं. ज्या दोघींचा प्रोग्रॅम पाहून सगळे थक्क झाले, त्या फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत आपापल्या घरी गेल्या.

त्या दिवशीच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये पहिल्या पानावर एनिॲकची बातमी होती. यंत्र बांधणाऱ्यांची नावं होती. सहाजणींची नव्हती. पुढे सैन्याच्या भरतीच्या जाहिरातीत यंत्राचा एक फोटो वापरला, तेव्हा त्यातला जवान ठेवला आणि बायका कापून टाकल्या. १९७२ साली हर्मन गोल्डस्टाइन यांनी संगणकाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. त्यात त्या समारंभाच्या तयारीचं मुख्य श्रेय त्यांनी स्वतःला आणि ॲडेलला दिलं. ॲडेल हुशार होत्या, यंत्राची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण समारंभाचा प्रोग्रॅम आपण दोघींनी बसवला, हे बेटी जीनने शेवटपर्यंत ठासून सांगितलं.

१९८० च्या दशकात केथी क्लाइमन नावाची एक विद्यार्थिनी अभ्यास करत असताना तिला एनिॲकचे जुने फोटो दिसले. यंत्रापाशी उभ्या बायका. पुरुषांची नावं खाली लिहिलेली, बायकांची नाहीत. तिने एका जाणकार व्यक्तीला विचारलं, या कोण? उत्तर मिळालं, की या मॉडेल आहेत. फ्रिजच्या जाहिरातीत दार उघडून हसत उभ्या असतात तशा, यंत्र छान दिसावं म्हणून उभ्या केलेल्या.

क्लाइमनला ते पटलं नाही. तिने शोध घेतला. बायका हयात होत्या, म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांना सगळं आठवत होतं. तिने त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. १९९७ साली सहाही जणींचा तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या मानाच्या यादीत समावेश झाला. रूथ तोवर वारली होती. २०१४ मध्ये त्यांच्यावर माहितीपट आला आणि २०२२ मध्ये क्लाइमनचं पुस्तक. आयर्लंडमध्ये एका महासंगणकाला 'के' हे नाव दिलं, इंग्रजी न येता बोटीवर चढलेल्या त्या पोरीचं.

१९४६ ते १९८६, मोजा सख्यांनो. चाळीस वर्षं. एवढा काळ ही नावं गेली कुठे होती? ती कुणी चोरून नेली नव्हती. ती लिहिलीच गेली नव्हती. फोटो होते, कागद होते, यंत्राचा एकेक व्हॉल्व्ह मोजलेला होता. फक्त फोटोखाली सहा नावं लिहायची राहिली होती. क्लाइमनला त्या जिवंत भेटल्या हे नशीब. आणखी काही दशकं गेली असती, तर त्या जगाच्या लेखी मॉडेलच राहिल्या असत्या.

ही हकीकत वाचल्यावर आम्ही आमच्या संघाचं इतिवृत्त उघडलं. दोन वर्षांपूर्वी आपण एका कार्यालयाच्या सभागृहात पापड-मसाल्याच्या धंद्याचा हिशेब मांडून दाखवला होता. त्या कार्यालयाच्या बातमीत साहेबांचीच नावं आली, म्हणून आपण किती चिडलो होतो! म्हटलं, आपण तरी काय लिहिलंय बघू. आमच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'सदस्यांनी सादरीकरण केले. सर्वांनी मदत केली.' एवढंच. तक्ता कुणी काढला, किमती कुणी काढल्या, आदल्या रात्री जागून बेरजेची चूक कुणी पकडली, यातलं काहीच नाही. त्या रात्री चूक पकडणाऱ्या आजी मागच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांचं नाव त्या पानावर नाही. दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी आमची मान खाली गेली.

म्हणून आता बदल केला. या तयारीची वेगळी वही घातली आहे. रोज कुणी काय केलं, ते तिथे नावानिशी लिहायचं, पूर्ण नाव. मोबाइलमध्ये आकडे भरणारी मुलगी जेवढी महत्त्वाची, तेवढीच तेच आकडे वहीत हाताने मांडून ताळा घेणारी बाई. दोघींची नावं एकाच पानावर. फोटो काढला की त्याच दिवशी त्याच्यामागे डावीकडून उजवीकडे नावं. आणि त्या जुन्या इतिवृत्तात आम्ही बैठकीत ठराव करून, आजची तारीख घालून, आजींचं नाव लिहून घेतलं.

काकूंना उत्तर मिळालं. लोकांना दिसतात ती दहा मिनिटं. बाकीचा महिना वहीत असतो. आता त्या ताळ्याच्या कामाला बसल्या आहेत आणि परवा त्यांनी मोबाइलमधली पहिली चूक पकडली. एका कर्जाचा हप्ता फिटला तरी मोबाइल व्याज लावतच होता! मुली हसल्या, म्हणाल्या, काकू, तुमचा गोळा जमिनीत चाललाय. काकूंनी आधी वही ओढली आणि म्हणाल्या, "हसा मग. पहिलं माझं नाव लिहा."

लिहिलं आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गटाची वही उघडा आणि कुणाचं नाव राहिलंय का, ते बघा.